कातळातली दिशा

लोणार-मेहकर भागात शेताच्या बांधावरचा काळा दगड उचलून हलक्या काट्याच्या होकायंत्राजवळ नेला, तर कधीकधी काटा किंचित सरकतो. लोणारात अंबर तळ्याजवळ मोठा मारुती आहे. त्याची मूर्ती चुंबकीय दगडाची आहे, असं गावकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. मूर्तीला हात न लावताही एवढं खात्रीनं सांगता येतं, की ज्या कातळावर लोणार वसलं आहे, ज्या कातळात तिथलं विवर आहे, त्या कातळात चुंबकत्व आहे. ते प्रयोगशाळेत मोजलं गेलं आहे आणि त्याची दिशाही ठाऊक आहे.

आजचा विषय सांख्यिकी भौतिकशास्त्राचा आहे: जाळीवर मांडलेल्या स्पिनांची मॉडेलं आणि अवस्थांतर. व्याख्यान बुलढाणा जिल्ह्यात होत असताना या विषयाची सुरुवात परदेशातल्या एखाद्या प्रयोगशाळेतून करण्याचं कारण नाही. इथल्या काळ्या पाषाणात त्याचा सगळा पसारा भरलेला आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला तेव्हा त्याचं तापमान अकराशे अंशांच्या आसपास होतं. तो निवत गेला, घट्ट झाला, कातळ बनला. पण घट्ट होऊनही तो चुंबक झाला नव्हता. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात, आणि शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये चुंबकत्व उमटतं ते तापमान सुमारे ५८० अंश सेल्सिअसखाली उतरल्यावर. खनिजात टायटॅनियम जास्त असेल तर हा आकडा बराच खाली येतो, कधी दोनशेच्याही आत. म्हणजे दगड आधी दगड होतो, मग शेकडो अंश निवेपर्यंत मुका राहतो, आणि एका ठराविक उंबरठ्यावर त्यातल्या लोहकणांना दिशा मिळते. त्या क्षणी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जिकडे असेल, ती दिशा कातळात कोरली जाते.

या उंबरठ्याचा अभ्यास पिएर क्यूरी यांनी १८९५ मधल्या आपल्या प्रबंधात केला, म्हणून त्याला क्यूरी तापमान म्हणतात. लोखंडासाठी तो ७७० अंश आहे.

दख्खनच्या कातळातली ही दिशा १९५०च्या दशकात वाचली जाऊ लागली. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी इथल्या दगडांच्या चुंबकत्वावरचा निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. १९५९ मध्ये डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांचा दख्खनच्या लाव्हांवरचा निबंध आला. दगडांनी जे सांगितलं ते थक्क करणारं होतं. लाव्हांच्या मोठ्या भागातली दिशा आजच्या उलट, म्हणजे दक्षिणेकडे रोखलेली होती, कारण त्या काळात पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. शिवाय दिशेचा आडव्या पातळीशी असलेला कोन सांगत होता, की लाव्हा ओतला गेला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेला, साधारण ३० अंशांवर होती. आज लोणार २० अंश उत्तरेला आहे. भूखंड सरकतात हे मानायला जग कुरकुरत होतं, त्या काळात आपल्या पायाखालच्या कातळानं ही साक्ष दिली.

प्रयोगशाळेत हे कसं वाचतात, ते जवळून पाहण्यासारखं आहे. कातळाला भोक पाडून अडीच सेंटिमीटर व्यासाची एक बुटकी दंडगोल कांडी काढतात. काढण्यापूर्वी तिच्यावर उत्तर दिशा आणि कल यांची खूण करतात. ती खूण चुकली की सगळं वाया. मग पृथ्वीचं क्षेत्र अडवणाऱ्या भट्टीत कांडी शंभर अंशांपर्यंत तापवायची, निववायची, मोजायची. मग दीडशे, दोनशे, अडीचशे. प्रत्येक टप्प्याला चुंबकत्वाचा थोडा भाग पुसला जातो. आधी जातात नंतरच्या काळात चिकटलेल्या कच्च्या दिशा. जुनी, मूळ दिशा टिकून राहते, आणि ५८०च्या आसपास तीही नाहीशी होते.

लोणारला या प्रयोगाला आणखी एक रंग चढतो. हे विवर उल्काघातानं झालेलं आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून खोली दीडशे मीटरच्या आसपास. फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आघाताचे पुरावे मांडले. पूर्वी त्याचं वय सुमारे ५२ हजार वर्षं मानलं जाई. २०११ मधल्या मोजणीनं ते पावणेसहा लाख वर्षांच्या घरात नेलं. आघातानं उडालेले दगड उलटेसुलटे होऊन काठाबाहेर पडले. हवेत उडताना एखादा दगड ५८० अंशांवर गेला नसेल, तर त्यातली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची दिशा त्याच्याबरोबर फिरली, आणि आज ती भलतीकडेच रोखलेली सापडेल. तो त्या उंबरठ्यापलीकडे तापला असेल, तर जुनी दिशा पुसली जाऊन आघातानंतरच्या क्षेत्राची दिशा त्यात उमटेल. विवराच्या दगडांचं चुंबकत्व पूर्णचंद्र राव आणि भल्ला यांनी १९८४ मध्ये आणि लुझाडा यांच्या गटानं २००८ मध्ये तपासलं, ते अशाच प्रश्नांसाठी.

आता खरा प्रश्न. ५८० अंशांना असं काय होतं? ६०० अंशांच्या दगडातले अणू तेच, ५५० अंशांच्या दगडातलेही तेच. त्यांच्यातलं बलही तेच. मग चुंबकत्व हळूहळू न विरता एका आकड्यावर का संपतं? आणि त्याहून अवघड: लोहाचा अणू फक्त अगदी लगतच्या अणूंशी बोलतो. सेंटिमीटरभर अंतरावरच्या अणूची त्याला काही वार्ता नसते. मग अख्ख्या कणातले अणू एका दिशेला कोणाच्या सांगण्यावरून उभे राहतात?

१९२० मध्ये विल्हेल्म लेन्झ यांनी यासाठी एक अत्यंत उघडंबोडकं चित्र सुचवलं. आपल्या विद्यार्थ्याला, अर्न्स्ट ईझिंगला, त्यांनी तोच प्रबंधाचा विषय दिला. जाळीच्या प्रत्येक बिंदूवर एक स्पिन, म्हणजे अणूचा इवलासा चुंबक. तो वर किंवा खाली, दोनच दिशा. शेजारी सारख्या दिशेचा असेल तर ऊर्जा थोडी कमी, उलट असेल तर थोडी जास्त. एवढंच. तापमान वाढलं की उलट्या जोड्या परवडू लागतात. ईझिंगनं १९२४ मध्ये हा प्रश्न एका रेषेवरच्या स्पिनांसाठी पूर्ण सोडवला आणि उत्तर निराशाजनक आलं: शून्याच्या वर कुठल्याही तापमानाला चुंबकत्व नाही. रेषेत एक दुवा उलटा झाला की पुढची सगळी रांग तुटते, आणि एकच दुवा उलटा करायला फारशी ऊर्जा लागत नाही. तीन मितींतही असंच होईल, असा निष्कर्ष त्यानं काढला.

तो निष्कर्ष चुकीचा होता, पण ईझिंगला ते कळायला उशीर झाला. ज्यू असल्यामुळे हिटलरच्या सत्तेत त्याची नोकरी गेली. १९३९ मध्ये तो लक्झेंबर्गला गेला, युद्धात मजुरी करून जगला, १९४७ मध्ये अमेरिकेला पोहोचला आणि पिओरियाच्या ब्रॅडली विद्यापीठात शिकवत राहिला. दरम्यान त्याच्या नावाचं मॉडेल जगभर गाजत होतं. भौतिकशास्त्राच्या इतिहासात एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाला एवढं दीर्घ आयुष्य क्वचितच मिळालं असेल.

रेषेऐवजी पृष्ठभाग घेतला की चित्र पालटतं. १९३६ मध्ये रुडॉल्फ पायर्ल्स यांनी कारण दाखवलं. सपाट जाळीत सगळे स्पिन वर आहेत असं धरा. त्यात खाली वळलेल्यांचं एक बेट तयार करायचं, तर त्या बेटाच्या संपूर्ण परिघावर उलट्या जोड्या येतात. बेट मोठं करायचं तर परीघ वाढतो, किंमत वाढते. पुरेशा कमी तापमानाला मोठी बेटं परवडतच नाहीत, आणि ‘वर’ हे बहुमत टिकून राहतं. रेषेवरच्या बेटाला दोनच टोकं असतात, ते हजाराचं असो की लाखाचं, म्हणून तिथे ते फुकटात वाढतं. एक आणि दोन मितींत सगळा फरक हा.

पण ‘टिकतं’ म्हणणं वेगळं आणि नेमकं किती तापमानापर्यंत टिकतं हे काढणं वेगळं. दहा बाय दहाची जाळी घेतली तरी स्पिनांच्या मांडण्या दोनाचा शंभरावा घात होतात. सेकंदाला शंभर कोटी मांडण्या तपासणारं यंत्र लावलं तरी सुमारे ४० लाख कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १३८० कोटी आहे. १९४४ मध्ये लार्स ऑनसागर यांनी अनंत मोठ्या चौकोनी जाळीसाठी ही बेरीज तंतोतंत करून दाखवली. शेजाऱ्यांमधल्या बलाच्या एककात उंबरठ्याचं तापमान २.२६९ आलं. विसाव्या शतकातल्या गणिती भौतिकशास्त्राचं हे एक शिखर आहे, आणि त्याची जागा क्वांटम यामिकीच्या पहिल्या विजयांच्या पंगतीत असायला हवी.

चुंबकत्व किती उरतं याचं सूत्र सी. एन. यांग यांनी १९५२ मध्ये सिद्ध केलं. त्यात आकडे घालून पाहिले की अवस्थांतर डोळ्यांना दिसतं. तापमान १.५ असताना शंभरातले ९९ स्पिन बहुमताच्या बाजूला. २.० ला सुमारे ९६. २.२ ला अजूनही ८९. आणि २.२६९ ला पन्नास-पन्नास, दिशा संपली. उंबरठ्यापासूनचं अंतर २५६ पटींनी कमी करावं तेव्हा कुठे चुंबकत्व निम्म्यावर येतं, कारण सूत्रातला घात एक अष्टमांश आहे. शेवटच्या टप्प्यातली ही घसरण इतकी उभी असते.

आता कोणी विचारील, की मॅग्नेटाइट म्हणजे ईझिंगचं मॉडेल आहे का? नाही. मॅग्नेटाइटमध्ये लोहाच्या जागा दोन प्रकारच्या असतात, आणि त्या दोन गटांचे स्पिन एकमेकांच्या उलट असतात. एक गट भारी पडतो म्हणून चुंबकत्व उरतं. हे लुई नील यांनी १९४८ मध्ये उलगडलं. त्यांना १९७०चं नोबेल मिळालं. स्पिनांना ‘वर-खाली’खेरीज इतर दिशाही असतात. मग हे उघडंबोडकं चित्र घेऊन एवढा खटाटोप कशाला?

उत्तर उंबरठ्याजवळ आहे. तिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा प्रभाव अंतर ओलांडत दूर दूर पोहोचतो. अणूअणूंचे बारकावे पुसट होतात आणि मिती किती, स्पिनाला दिशा किती, एवढ्याच गोष्टी उरतात. १८६९ मध्ये थॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडसाठी दाखवलं, की ३१ अंशांच्या वर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. त्या बिंदूजवळ द्रव आणि वायूच्या घनतेतला फरक ज्या घाताने कमी होतो, तो सुमारे ०.३२६ आहे. तीन मितींतल्या ईझिंग मॉडेलचं चुंबकत्वही त्याच घाताने कमी होतं. एका बाजूला बाटलीतला वायू, दुसऱ्या बाजूला कागदावरचे स्पिन, आणि आकडा एक. पोटॅशियम, कोबाल्ट आणि फ्लोरिन यांच्या थराथरांच्या स्फटिकात स्पिन जवळपास सपाट जाळीतच गुंतलेले असतात. त्यात १९७०च्या दशकात मोजलेला घात यांगच्या एक अष्टमांशाच्या अगदी जवळ आला. असं का होतं, याची सर्वसाधारण रीत केनेथ विल्सन यांनी १९७१ मध्ये दिली, आणि १९८२चं नोबेल त्यांना मिळालं.

यानंतरची गोष्ट मुंबई-पुण्याची आहे, आणि मराठी वाचकाला ती जेवढी ठाऊक असायला हवी तेवढी नाही. दीपक धर यांचा जन्म १९५१ चा, उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढचा. अलाहाबाद, आयआयटी कानपूर, मग कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९७८ मध्ये पीएच.डी. त्यानंतरचं जवळपास सगळं काम कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि निवृत्तीनंतर पुण्याच्या आयसरमध्ये. परदेशात सहज स्थिरावता आलं असतं अशा काळात त्यांनी मुंबईत बसून जाळीवरची मॉडेलं तंतोतंत सोडवली.

चुंबकाला उंबरठ्यावर आणायचं तर कोणीतरी तापमान नेमकं २.२६९ वर धरून ठेवावं लागतं. निसर्गात असं धरून ठेवणारं कोणी नसतं. मग काही गोष्टी आपोआप उंबरठ्यावर कशा येतात? १९८७ मध्ये बाक, टँग आणि विसेनफेल्ड यांनी वाळूच्या ढिगाचं मॉडेल मांडलं. खामगावच्या बाजार समितीत पोत्यातून सोयाबीन ओतलं जात असताना ढीग एका उतारापर्यंत चढतो आणि मग दाणे घसरत राहतात, कधी मूठभर, कधी अख्खी बाजू. त्या उताराला कोणी आणत नाही, ओतण्यातूनच तो येतो. मॉडेल त्याहून साधं आहे. चौकोनी जाळीत प्रत्येक घरात काही दाणे. एका घरात चार झाले की चार शेजाऱ्यांना एकेक द्यायचा. काठावरचे दाणे बाहेर पडतात. कुठेही एक दाणा टाकायचा आणि घसरण थांबेपर्यंत पाहायचं.

धर यांनी रामकृष्ण रामस्वामी यांच्याबरोबर १९८९ मध्ये याचं एका दिशेनंच घसरणारं रूप पूर्ण सोडवलं, आणि १९९० मध्ये मूळ मॉडेलमधला एक गुण पकडला, जो डोळ्यांसमोर असूनही कोणाला दिसला नव्हता. दोन लगतच्या घरांत चार-चार दाणे आहेत असं धरा. आधी डावं घर रिकामं करा: डावीकडे शून्य, उजवीकडे पाच. मग उजवं: उजवीकडे एक, डावीकडे एक. आता उलट क्रमानं करा: आधी उजवं, मग डावं. शेवटी पुन्हा एक आणि एक, आणि बाकीच्या शेजाऱ्यांनाही तेवढेच दाणे. क्रम कुठलाही असो, शेवट तोच. घसरणीच्या या गोंधळात एवढी शिस्त आहे हे एकदा कळलं, की सगळं गणित मोकळं होतं. दोन बाय दोनच्या जाळीत स्थिर मांडण्या २५६ होऊ शकतात. धर यांच्या रीतीनं एक निर्धारक काढला की उत्तर येतं १९२: एवढ्याच मांडण्या दीर्घकाळात पुन्हापुन्हा येतात, आणि प्रत्येक सारख्याच वेळा. उरलेल्या ६४ एकदा गेल्या की परत येत नाहीत. लगतची दोन घरं एकाच वेळी रिकामी असलेली मांडणी त्यांतलीच.

१९९२ मध्ये धर आणि त्यांचे विद्यार्थी सत्य मजुमदार यांनी दाखवलं, की वाळूचा हा ढीग आणि स्पिनांचं पॉट्स मॉडेल, म्हणजे स्पिनाला दोनऐवजी कितीही अवस्था असू शकतात असं ईझिंगचं विस्तारित रूप, एका टोकाच्या मर्यादेत एकच आहेत. दाणे आणि चुंबक एका सूत्रात आले. २००७ मध्ये आनंदमोहन घोष यांच्याबरोबर त्यांनी जाळीवर सरळ काड्या मांडल्या. काडी सहा घरं लांब असली तर कितीही दाटी केली तरी आडव्या-उभ्या सारख्याच राहतात. सात घरं लांब झाली, की ठराविक दाटीनंतर बहुतेक एकाच दिशेला वळतात. आणि दाटी फारच वाढली की ती शिस्त पुन्हा मोडते. द्रव-स्फटिकांचा, म्हणजे घड्याळाच्या आणि मोबाइलच्या पडद्यातल्या द्रव्याचा, हा सगळ्यात साधा नमुना.

सांख्यिकी भौतिकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान म्हणजे बोल्ट्झमन पदक. १९७५ मध्ये पहिलं पदक विल्सन यांना मिळालं. २०२२चं पदक दीपक धर आणि जॉन हॉपफील्ड यांना विभागून मिळालं. धर हे ते मिळवणारे पहिले भारतीय. २०२३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. हॉपफील्ड यांनी १९८२ मध्ये स्मरणशक्तीचं जे मॉडेल दिलं त्यातल्या मज्जापेशी ईझिंगच्या स्पिनांसारख्याच वर-खाली आहेत, आणि त्याच कामासाठी त्यांना २०२४चं नोबेल मिळालं. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पायात हे स्पिन आहेत. त्या पायाशी ज्यांचं नाव जगानं एका पदकावर जोडलं, त्यांचं आयुष्यभराचं काम मुंबई-पुण्यात झालेलं आहे. आपल्या शाळा-महाविद्यालयांत त्यांचं नाव इतकं क्वचित का ऐकू येतं, ही खरोखर वाईट वाटण्याजोगी गोष्ट आहे.

या विषयाला महागडी यंत्रं लागत नाहीत. बुलढाण्याच्या कुठल्याही महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला एका साध्या संगणकावर ईझिंगचं मॉडेल चालवता येतं. रीत १९५३ मध्ये मेट्रोपोलिस, रोझेनब्लुथ आणि टेलर दांपत्यांनी दिली. चौसष्ट बाय चौसष्टची जाळी घ्यायची. एक स्पिन चिठ्ठी टाकून निवडायचा. तो उलटवल्यानं ऊर्जा कमी होत असेल, किंवा तेवढीच राहत असेल, तर उलटवायचा. वाढत असेल तर क्वचितच उलटवायचा. तापमान २.२६९ असेल तर चारही शेजारी आपल्याच बाजूचे असलेला स्पिन शंभरात तीनदा उलटतो, तीनच शेजारी आपले असतील तर शंभरात सतरा वेळा. हेच लक्षावधी वेळा करायचं. १.५ ला पडदा जवळजवळ एकरंगी होतो, ५ ला दोन्ही रंग मिरी-मिठासारखे मिसळतात, आणि २.२७ जवळ एका घराच्या बेटापासून अर्ध्या पडद्याएवढ्या बेटापर्यंत सगळ्या मापांची बेटं एकात एक गुंतलेली दिसतात.

मग संगणकाच्या आज्ञावलीत दोन ओळी बदलायच्या: चारऐवजी सहा शेजारी, सपाट जाळीऐवजी घनाकृती. उंबरठा आता ४.५१ च्या आसपास येतो. हा आकडा संगणकानं अनेक दशांश स्थळांपर्यंत काढला गेला आहे, पण ऑनसागरनं सपाट जाळीसाठी दिलं तसं नेमकं सूत्र त्यासाठी आजपर्यंत कोणालाही सापडलेलं नाही.